दसऱ्याला बदललेली फीत

गंगापूर रोडला मामाच्या घरी लोक जुनी पदकं पारखून घ्यायला येतात. गेल्या हिवाळ्यात मी तिथं असताना घोटीहून एक काकू आल्या. त्यांच्याजवळ सासऱ्यांनी ब्रह्मदेशाच्या लढाईतून आणलेलं जपानी पदक होतं. भावकी म्हणायची, म्हातारा पलटणीत स्वयंपाकी, बाजारातून उचललं असेल. शहरात पदकांचं प्रदर्शन भरणार होतं. तिथं हे पदक सासऱ्यांच्या नावानं मांडलं जावं आणि भावकीचं तोंड बंद व्हावं, एवढंच काकूंना हवं होतं.

मामानं पडदे ओढून जांभळ्या उजेडाची टॉर्च मारली. फितीतली पांढरी पट्टी निळसर चमकली. जुनं रेशीम असं चमकत नाही. मग त्यानं फीत उलटली. जुनी फीत समोरून विटते, मागून गडद राहते. इथं दोन्ही बाजू सारख्याच. शेवटी एक धागा ओढून त्याला काडी लावली. रेशमाला केस जळल्यासारखा वास येतो, राख चिमटीत विरते. या धाग्याचा कडक मणी झाला.

"ताई, फीत नवी आहे."

"नवीच हाय की! दसऱ्याला विळ्या-कोयत्यांसंगं पूजतो आमी. हळदीकुंकवानं लय मळली व्हती. देवाचं वस्त्र नाय का बदलत? तशी बदलली. रविवार कारंज्यावरच्या दुकानातनं आणून मीच शिवली."

"आणि जुनी?"

"निर्माल्यासंगं दारणेत सोडली."

मामानं कपाळावर हात मारला. मग खणातून एक विटकी फीत काढली. तशाच एका मोडक्या पदकाची, पण अस्सल रेशमी. "ही लावू. कोणी बोट ठेवणार नाही."

काकूंचा चेहरा खुलला. मी मध्ये पडले. माझे वडील चळवळीतले; आमच्या घरी पत्रकांचे गठ्ठे असत, आणि खाली छापणाऱ्याचं नाव नसलेलं एकही पत्रक ते वाटू द्यायचे नाहीत. "फीत अस्सल, पण दुसऱ्याची. मग भावकी बोलते त्यात खोटं काय राहिलं?"

"आल्या न्यायाधीशबाई!" मामा म्हणाला.

काकूंनी ती फीत हातात घेतली. "भाऊ, ही मेलेल्या कुणाच्या छातीवरची का?"

"असू शकेल."

"मंग नको. माझ्या हातची ऱ्हाऊ द्या."

प्रदर्शनात पदकाखाली ठेवायची पाटी मी लिहिली: पदक जुने. फीत नवी, सुनेने शिवलेली. सासरे पलटणीत स्वयंपाकी होते. पदक त्यांनी ब्रह्मदेशातून आणले असे घरचे सांगतात, पुरावा नाही.

प्रदर्शनात काकूंचे चुलत दीर आले. त्यांनी पाटी मोठ्यानं वाचली. "बघा! पुरावा नाय म्हणून सोताच लिवलंय."

"लिवलंय ना? सैपाकी व्हते तेबी लिवलंय. तुमचे वडील घोटीच्या पुढं कुठवर गेलते, ते लिवा की तुमी."

दीर दुसऱ्या टेबलाकडे वळले, पण तिथंही तेच सांगू लागले. काकूंनी खुर्ची पदकाशेजारी ओढली. येणाऱ्या प्रत्येकाला त्या आधी फितीचा टाका दाखवत, आणि मग सासऱ्यांची गोष्ट सुरू करत.