एक ठिपका, दोन ठिपके

सुरतजवळच्या उधन्याच्या आमच्या दवाखान्यात मी नव्वदच्या दशकात रक्त तपासायची. तिथले किस्से मी मुद्दाम साठवले नाहीत. पण एचआयव्हीचं नाव काढलं की समोरचा गप्प होई, आणि गप्प बसलेला माणूस मध्येच जे बोलून जाई ते डोक्यातून निघत नसे. जे हसून सांगता येतील तेवढेच सांगते. बाकीचे माझ्यापाशीच राहू देत.

*

झटपट तपासणीचं कार्ड तेव्हा नवीनच आलं होतं. वीस मिनिटांत निकाल! कार्डावर एक ठिपका उठला तर तपासणी नीट झाली आणि रक्तात काही सापडलं नाही. दोन उठले तर पुन्हा वेगळ्या पद्धतीने तपासायचं. एकही उठला नाही तर कार्ड फेकून द्यायचं. मला वाटलं, एवढं तर कुणालाही समजेल.

पहिल्याच महिन्यात आमच्या रमणभाईंनी ताकाची बरणी ठेवायला फ्रीजमधून कार्डांचा खोका बाहेर काढला. रमणभाई म्हणजे दवाखान्याचे शिपाई, हिशेबनीस आणि मालक सोडून सगळं काही. सुरतच्या उन्हात खोका दोन दिवस बाहेर राहिला. मग नवागामच्या एका खानदेशी लूम कामगाराच्या कार्डावर काहीच उठलं नाही. तो खूश झाला. मी म्हटलं, "दादा, पुन्हा रक्त द्यावं लागेल, निकाल आलाच नाही."

तो शांतपणे म्हणाला, "ताई, तुना कार्डच खराब शे. मी चांगला शे."

दुसऱ्या कार्डाने त्याची दोन्ही वाक्यं खरी ठरवली. ताकाची बरणी त्या दिवसापासून रमणभाईंच्या टेबलाखाली.

*

एक जण पलसाण्याच्या डाइंग मिलमधून आला, फोल्डिंग खात्यातला. मी त्याला कार्ड दाखवलं, "बघा, एकच ठिपका," आणि तो चक्क रडायला लागला.

"नापास व्हयनू ना ताई?"

मग उलगडा झाला. त्यांच्या खात्यात कापडाचा तागा टेबलावर आला की पहिला शिक्का बसे, म्हणजे नुसती नोंद. माल तपासून चांगला निघाला की दुसरा शिक्का. एकच शिक्का असलेला तागा गेटबाहेर जात नसे. बिचाऱ्याला समजावता समजावता आमच्या डॉक्टर बेनचा चहा गार झाला. कार्ड कुणाच्या नजरेस पडू द्यायचं नाही, असा नियम त्यांनी त्याच दिवशी केला.

*

तो नियम मीच मोडला. त्याच खात्यातला भटू तपासणीला आला होता. अमळनेरकडचा, लग्नाला वर्ष झालेलं. बायको आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी गेली की तिथूनच तिला सुरतेला आणायची, खोलीही बघून ठेवलेली. "त्याच्या आधी एकदा खात्री करू," म्हणून स्वतःहून आला होता. असे फार थोडे येत.

मी फोन घ्यायला उठले आणि ट्रे उघडा राहिला. परत येते तर खुर्ची रिकामी. शेजारचा पेशंट म्हणाला, "तो गेला हसत हसत. म्हणे, दोन शिक्के बसले."

संध्याकाळी तो पेढे वाटणार, रात्रीच्या गाडीने अमळनेर गाठणार. निरोप पाठवायचा तरी कसा? चारचौघांत एक शब्द फुटला असता तरी त्याला मिलमध्ये तोंड दाखवणं कठीण झालं असतं.

रमणभाई सायकल काढत मला म्हणाले, "बेन, ए मारा पर छोडो." मिलच्या गेटवर सगळ्यांदेखत त्यांनी भटूला एवढंच सांगितलं, "तमारा तागानुं रीचेकिंग बाकी छे." भटू हातातले पेढे घेऊन तसाच आला. ज्या माणसाला मी ताकावरून इतकं बोलले होते, त्याचे त्या दिवशी मी मनापासून आभार मानले.

डॉक्टर बेननी भटूला सगळं सांगितलं. पेढ्यांचा पुडा त्याच्या मांडीवर होता. बेन म्हणाल्या, "पहिली तपासणी चाळणीसारखी असते. कधी चांगलंही अडकतं. दोन ठिपके म्हणजे निकाल नव्हे." दुसऱ्या कंपनीच्या कार्डावर एकच ठिपका आला. मोठ्या दवाखान्यात पाठवलेलं रक्तही साफ निघालं. तरी लागण ताजी असली तर लगेच दिसत नाही, म्हणून बेननी तीन महिन्यांनी पुन्हा बोलावलं. भटूने गावी कळवलं, रजा मिळत नाही. आखाजी तशीच गेली.

ते तीन महिने मी कार्डाचा ट्रे झाकल्याशिवाय एकदाही उठले नाही.

*

तीन महिन्यांनी कार्ड मी स्वतः त्याच्या हातात दिलं. एक ठिपका. भटूने ते उजेडात धरून, कापड पाहतात तसं, कितीतरी वेळ पाहिलं. मग खाली ठेवून दोन्ही हात जोडले आणि थेट स्टेशनला गेला.

पंधरा दिवसांनी सकाळी दवाखान्याचं दार उघडलं तर बाहेर अख्खं फोल्डिंग खातं रांगेत उभं. सगळ्यांत पुढे भटू, शेजारी डोक्यावर पदर घेतलेली त्याची बायको, हातात पेढे. मी विचारलं, "अरे, हे सगळे कशाला?"

मागून एक मुकादम बाही वर सारत म्हणाला, "ताई, भटूनी आमले समदं सांगं. आमले बी एकच शिक्का पाहिजे."