नाडी, बांगड्या आणि आमच्या आत्या

गेल्या शनिवारी सकाळची शाळा आटोपून घरी आले, तर आमच्या आत्या दारातच माझी वाट बघत बसलेल्या. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. माहेर वैरागचं, लग्नानंतरचं सगळं आयुष्य सोलापुरात भवानी पेठेत... आणि माझ्या नव्या कोर्सच्या एक नंबरच्या विरोधक.

आधी कोर्सचं सांगते. हौस म्हणून मी दर रविवारी चिनी वैद्यकाच्या क्लासला जाते. नाडी, जीभ आणि चेहरा बघून माणसाला काय होतंय ते ओळखायचं. ऐकायला छान वाटतं ना? करायला बसा, मग बोलू.

जिभेचंच घ्या. सर म्हणतात, सकाळी उठल्या उठल्या, चहाच्या आधी जिभेवरचा थर बघा. आता आपल्याकडे माणूस उठला की आधी मोरीत जाऊन ऑ ऑ करत जीभ खरवडणार, मग बाकीचं जग! आमच्या ह्यांच्या जिभेवरचा थर मी आजवर बघितलेला नाही. आणि सासऱ्यांना "मामा, जीभ बाहेर काढा" असं कुठल्या तोंडाने म्हणू?

चेहऱ्याची तीच रड. शेजारच्या काकू एकदा चांगल्याच पिवळ्या दिसल्या, मी काळजीने लिव्हरची चौकशी केली... त्या पुतणीच्या हळदीहून आल्या होत्या. मोबाईलच्या गॅलरीत तर सरावासाठी काढलेल्या नुसत्या जिभा. स्टाफरूममध्ये भाचीच्या लग्नाचे फोटो दाखवायला गेले, तर नवरीच्या आधी आमच्या ह्यांची खरवडलेली जीभ. मॅडम लोक अजून हसतायत.

पण खरं रडवलं ते नाडीने. मनगटावर तीन बोटं ठेवायची, आधी हलकी, मग दाबून. एक नाडी म्हणे ताटात मोती घरंगळल्यासारखी लागते, एक ताणलेल्या तारेसारखी. मला मेल्या सगळ्या सारख्याच लागतात... टक टक टक. प्रॅक्टिकल परीक्षा तोंडावर, आणि घरात हात द्यायला कुणी तयार नाही.

आत्यांना विचारून झालं होतं. पण त्यांच्या दोन्ही हातांत हिरव्यागार काचेच्या बांगड्या आणि पाटल्या, बरोब्बर नाडीच्या जागेवर. वर सरकवाव्या तर इतक्या घट्ट की हलत नाहीत. काढा म्हटलं तर भडकल्याच. "सवाष्णीनं हात मोकळं ठिवायचं असत्यात व्हय? तुज्या त्या चिन्यांना सांग, हितं घरंदाज बायका ऱ्हात्यात म्हणावं!" मी नाद सोडला.

आणि शनिवारी ह्याच आत्या... हात मोकळे! साबण लावून बांगड्या-पाटल्या काढलेल्या, मनगटं लाल झालेली. हात अगदीच रिकामे दिसू नयेत म्हणून वर कोपराजवळ हळदीत भिजवलेला दोरा बांधलेला. "धर. बघ काय बघायचं ते. तुजं मामा यायच्या आत उरक."

मला खरं तर रागच आला. इतके दिवस मिनतवाऱ्या केल्या तेव्हा नाही, आणि आता मी चप्पल काढायच्या आत? पोटात कावळे ओरडत होते. पण पुन्हा हा हात मिळेल न मिळेल, म्हणून पर्स बाजूला टाकून तशीच बसले.

बोटं ठेवली. मोती नाही, तार नाही... टक टक, मग काहीच नाही. मग घाईघाईने टकटकटक, परत गप्प. वाटलं, माझीच बोटं चुकतायत. दुसरा हात घेतला... तेच.

"आत्या, छातीत धडधडतं का तुमच्या?"

त्यांनी आधी दाराकडे एक नजर टाकली. मग हळूच म्हणाल्या, "जिना चढला की फडफडतंय कायतरी. लई दिस झालं... कुनाला सांगू नगंस."

"अहो, मग बोलायचं नाही का?"

"तुमी समदी आपापल्या गडबडीत. म्हटलं, तुला आपसूक घावलं तर बरं... मला सांगाया नगं."

भीतीही वाटली आणि असा संताप आला म्हणून सांगू! त्यांचा की माझा, तेच कळेना. हात मात्र सोडवेना. त्याही तो काढून घेत नव्हत्या.

संध्याकाळी ह्यांना सगळं सांगितलं, ह्यांनी गाडी काढली आणि आम्ही आत्यांना डॉक्टरकडे नेलं. ईसीजी झाला. ठोके अनियमित आहेत, अंगावर काढलं असतं तर जिवावर बेतलं असतं, असं डॉक्टर स्पष्टच म्हणाले. गोळ्या सुरू झाल्यात आणि आत्या आता ठीक आहेत.

दुसऱ्या दिवशी क्लासमध्ये हे सांगितलं, तर सरांनी विचारलं, कोणत्या प्रकारची नाडी होती? म्हटलं, सर, मला नाही ओळखता आली, मी सरळ डॉक्टरकडे नेलं. ते म्हणाले, तेच बरोबर केलंत. हा कोर्समधला मला मिळालेला पहिला शाबासकीचा शब्द...

आणि आता नवीनच ताप. "आमच्या सुनंनं नुसत्या बोटांनी हुडकलं की!" असं आत्या गल्लीभर सांगत सुटल्यात. मी शाळेतून आले की कुणी ना कुणी घरात येऊन बसलेलं असतं. बोलत काहीच नाहीत. बांगड्या वर सरकवतात, मनगट पुढे करतात आणि माझ्या तोंडाकडे बघत बसतात.

अगं बायांनो, हात जोडते तुमच्यापुढे. आत्यांचं सापडलं ही देवाची कृपा, माझी हुशारी नव्हे. मला नाडीतलं अजून काही म्हणजे काही कळत नाही गं... काय होतंय ते तोंडाने सांगा. आजच, घरातल्या माणसाला सांगा.