राखायचे खांब

पोलीस ॲक्शन होऊन निजामी राजवट संपली आणि वडिलांची उर्दू महिन्याभरात बिनकामाची झाली. ते खाणींच्या सरकारी कचेरीत कागदांच्या नकला करायचे. उर्दूत त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता, इंग्रजीच्या नावानं मात्र आनंदच. बाहेरून आलेल्या नव्या साहेबांना उर्दू येईना, म्हणून हुकूम निघाला: जुने कागद इंग्रजीत करा, जमत नसेल त्यानं घरी बसावं. मग काय, वडील कागद घरी आणू लागले आणि मी, मॅट्रिकची मुलगी, ते इंग्रजीत उतरवू लागले.

त्या संध्याकाळचा कागद एका खाणीचा होता. कोळसा काढताना छत तोलायला मध्ये कोळशाचेच खांब सोडतात. सरकारचा नियम असा, की काही खांब लगेच काढायचे. बाकीच्यांना शेजारच्या पोकळीत वाळू भरल्याशिवाय हात लावायचा नाही. म्हणजे कोळसाही गाडला जात नाही आणि माणसंही. तक्त्यात दोन रकाने होते, ‘काढायचे’ आणि ‘राखायचे’. मथळे मी उर्दूच्या सवयीनं उजवीकडून वाचले आणि इंग्रजीच्या सवयीनं डावीकडून लिहिले. खालचे आकडे मात्र होते तिथेच ठेवले. राखायचे खांब काढायच्या रकान्यात गेले.

सकाळी वेणी घालताना ते माझ्या लक्षात आलं. वडील जोडे घालत आईला सांगत होते, "आज साहेबांची सही झाली की हुकूम तारेनं खाणीवर. पोरीनं नोकरी वाचवली बघ माझी." मी वेणी घालत राहिले. ते गेले, मीही शाळेत गेले. भित्री होते, दुसरं काय!

मधल्या सुट्टीपर्यंत कशीबशी बसले. मग कोठीच्या शाळेपासून नामपल्लीच्या कचेरीपर्यंत जवळजवळ पळत सुटले. कचेरीच्या दारात चपराशानं अडवलं.

"अंदर नक्को जाओ बेटी, साब बैठे हैं."

तेवढ्यात वडीलच बाहेर आले. मी घडाघडा सांगून टाकलं. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

"तार गेली गं. कधी कळलं तुला?"

"आत्ताच, बाबा. वर्गात."

ते तसेच आत वळले. दाराआडून मला ऐकू आलं, "साहब, गलती मेरी है. नकल मैंने की."

दुसरी तार गेली. आम्ही बाकावर बसून राहिलो. मी मनातल्या मनात देवाला काय वाट्टेल ते कबूल करत होते. दिवे लागायच्या सुमारास उत्तर आलं. एका खांबाला सुरुंगाची भोकं पाडून झाली होती. बार उडवायच्या आत माणसं वर काढली.

वडिलांना नकलांवरून काढून कचेरीच्या गोदामात टाकलं. त्यांनी त्याचं कधी दुःख केलं नाही. उलट घरी येईल त्याला कौतुकानं सांगायचे, "चूक कळली तशी एक क्षण थांबली नाही, धावत आली माझी लेक." मरेपर्यंत सांगत राहिले. आणि दर वेळी मी चहाचे कप उचलून आत निघून जायची.