डाळीच्या वतीने

आमच्या शेजारी एक गृहस्थ राहतात; सदर गृहस्थ कोणत्याही वस्तूविषयी दुरून मत देत नाहीत. खाट घेण्यापूर्वी ते तीवर निजतात, माठ घेण्यापूर्वी त्यात तोंड घालून हाक मारतात. वर्ध्याच्या कचेरीसमोर अर्ज लिहिण्यात माझी हयात गेली असल्यामुळे, पुराव्याशिवाय न बोलणाऱ्या मनुष्याविषयी मला आदर आहे.

गतवर्षी आमच्या तूरडाळीला सोंडे लागले. यंदाची डाळ वाचवण्यासाठी बंद दाराची आलमारी घ्यावी की जाळीच्या दाराची, या प्रश्नावर माझे सविस्तर मत बाजूला सारून पत्नीने त्यांना सुताराच्या दुकानात नेले. मीही गेलो.

"डाळीले बोलता येत नाई, वहिनी. तिच्या वतीनं मलेच बसा लागते," असे म्हणून ते बंद आलमारीच्या खालच्या कप्प्यात मांडी घालून बसले व दार लावून घेतले. लवकरच घामाने निथळत बाहेर आले.

"हिच्यात सोंडे मरतीन."

"मग उत्तमच की!" मी म्हणालो.

"अन् डाळ काय जित्ती राहीन, भाऊ?"

नंतर ते जाळीच्या आलमारीत शिरले. सुताराने हाका मारल्या, पण आतून केवळ घोरणे ऐकू आले.

"हेच द्या," पत्नी म्हणाली.

आता ते रोज दुपारी डाळीची चौकशी करण्यास येतात, आलमारीत बसतात आणि "डाळ खुश हाय" असे सांगून जातात. त्यांच्या सोयीसाठी पत्नीने खालचा कप्पा रिकामा केला आहे. डाळीचा डबा तूर्त माझ्या खाटेखाली आहे.