मामंजींचा स्पीकर

तमाम सज्जनहो, पुढील निवेदन अत्यंत गांभीर्याने, शक्यतो उभे राहून ऐकावे. पाटणजवळच्या एका घरात, भर दुपारी, विजेची पिन काढून ठेवलेल्या गिटारच्या अ‍ॅम्प्लिफायरने माझ्याशी संभाषण केले आहे. साक्षीदार दोन. त्यातली एक माझी थोरली बहीण, आणि तिनं जन्मात कुणाची थट्टा केलेली नाही. आता बसा.

मी राहतो सांगलीत, नोकरी कुपवाडच्या कारखान्यात, आणि सुट्टीच्या दिवशी ऑर्केस्ट्रावाल्यांचे बिघडलेले अ‍ॅम्प्लिफायर उघडून बसायचा मला नाद. म्हणून आक्कानं मला फोन केला.

"आरं, ह्यांच्या गिटारीच्या डब्यातनं मामंजींचा दमा ऐकू येतोय."

मामंजी म्हणजे तिचे सासरे. गेल्या वर्षी दम्यानं गेले. शेवटचं सगळं दुखणं आक्कानंच काढलं होतं.

मी हसलो. ती हसली नाही. "येऊन बघ. बिघाड असला तर बिघाड म्हणून सांग. नसला, तर त्यांचं काय राहिलंय ते तरी कळू दे. मला भाकर ग्वाड लागंना झालीय."

दाजी फौजेतून निवृत्त झालेले. पलटणीत शिकलेली गिटार आणि तिचा हा डबा, म्हणजे अ‍ॅम्प्लिफायर, घेऊन ते गावी आले. त्यांच्या घरात चपलासुद्धा रांगेत उभ्या असतात. डबा मामंजींच्याच खोलीत, त्यांच्याच कॉटजवळ, स्पीकरचं तोंड छताकडं करून ठेवलेला. आवाज छताला आपटून घरभर पसरतो, असा दाजींचा सिद्धांत. समोरचं कापड कधीच फाटून गेलं होतं. मागच्या सगळ्या वायरी काळ्या टेपनं एकत्र बांधून त्यांनी त्यांची एक जाडजूड दोरी केली होती आणि ती कॉटखालून भिंतीकडं नेली होती.

दाजींनी दोन सुरावटी वाजवून दाखवल्या. प्रत्येक सुरामागं घशात कफ अडकल्यासारखी खरखर. हा आजार मला ओळखीचा होता. मी ऐटीत पिन उपटली. म्हटलं, "आता ऐका, गप्प बसतो की नाही."

आम्ही तिघं ऐकत बसलो.

हुंऽऽ... खर्रर्र.

मग थांबला. इतका वेळ थांबला, की आपण स्वतःच श्वास धरून बसलोय हे मला उशिरा कळलं. मग पुन्हा हुंऽऽ. मी वाकून पाहिलं. स्पीकरचा काळा कागदी कोन हळूच वर आला आणि खाली गेला. उताण्या झोपलेल्या माणसाची छाती जशी हलते, तसा.

पिन माझ्या हातात होती.

"बघितलंस?" आक्का कुजबुजली.

दाजींचा चेहरा पांढरा पडलेला. सीमेवर राहून आलेला माणूस, पण हात माझ्या खांद्यावर, आणि तो मला धीर देण्यासाठी नव्हता.

मी पेन्सिल सेल काढला. स्पीकर जिवंत आहे की मेला, हे बघायची ही साधी रीत. दोन टोकांना सेल टेकवायचा, जिवंत असला तर 'टक' म्हणतो. मी डबा उभा केला, मागून सेल टेकवला.

टक.

क्षणभर काही नाही. आणि मग आतून लांबलचक, नाकातून आलेलं, वैतागलेलं, "हुंऽऽऽ."

आक्कानं डोक्यावर पदर घेतला. "इचार, राग हाय का? टक म्हंजे हाय, दोनदा टक म्हंजे न्हाई."

"आक्का, टक मी करतोय."

"मग नीट कर की!"

मी पुन्हा टेकवला. पुन्हा उत्तर आलं, या वेळी जवळून, जणू कुणीतरी तोंड पुढं आणलं होतं. मला हसू यायला हवं होतं. आलं नाही.

स्पीकर बाहेर काढल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. वायरींचा डाग, म्हणजे कथलाचा सांधा, सोडवला आणि श्वास तुटला. अर्ध्यावरच.

"काय केलंस रं?" आक्का अशी ओरडली, की मला मामंजी गेले त्या सकाळची आठवण झाली.

कोनाच्या मधोमध कागदाची छोटी टोपी असते. ती एका बाजूनं सुटली होती. ब्लेडनं उचलली, तर आतल्या फटीत तपकिरी भुगा ठासून भरलेला. ज्या नाजूक कॉइलनं लोहचुंबकात वरखाली धावायचं, ती त्यात घासत होती. भुगा नाकाशी नेला. तंबाखू. चुना लावून मळलेली.

मी दाजींकडं पाहिलं. "पाव्हणं, मी पलटणीतच सोडली," ते घाईनं म्हणाले.

आक्का जमिनीकडं बघत होती. "शेवटी शेवटी लय मागायचे. डॉक्टर नको म्हणले, म्हणून म्या डबी लपवली. आता दुपारची चिमूटभर ठेवते ह्या डब्याच्या तोंडावर. ह्यांनी गिटार वाजवली की नाहीशी हुती." ती थांबली. "खरखर वाढली, तशी म्या जास्त ठेवाय लागले."



फट साफ करायला आणि कॉइल पुन्हा मधोमध बसवायला आम्ही जुन्या एक्स-रेच्या फिल्मच्या पट्ट्या वापरतो. पातळ असतात, पण चिवट. "घरात एखादा एक्स-रे आहे का?" मी सहज विचारलं, आणि विचारताक्षणीच जीभ चावली. घरात एकच होता. आक्कानं तो कपाटातून आणला, पदरानं पुसला आणि दोन्ही हातांनी माझ्या हातात दिला. मी तो खिडकीकडं धरला. मामंजींची छाती. बरगड्या टाळून कडेच्या काळ्या भागातून मी पट्ट्या कापल्या, टोकाला चिकटपट्टी लावून भुगा वेचून काढला, मग त्याच पट्ट्या कॉइलभोवती खोचून ती सरळ केली. टोपी नव्यानं चिकटवली. गोंद वाळेपर्यंत चहा झाला. पट्ट्या काढल्या, वायरी पुन्हा जोडल्या. पिन अजून बाहेरच होती.

हुंऽऽ.

स्वच्छ. खरखर अजिबात नाही.

आक्काच्या डोळ्यांत पाणी आलं. "दमा बरा झाला त्यांचा," ती म्हणाली.

इथं मात्र माझ्यातला कारखान्यातला माणूस जागा झाला. डाग देताना मला वायरींची एक जोडी जास्त दिसली होती. ती पिनेकडं जात नव्हती. मी टेप सोलत कॉटखाली शिरलो. वायर भिंतीतल्या भोकातून पलीकडं गेली होती.

"दाजी, भिंतीपलीकडं काय आहे?"

"गोठा," दाजी पुटपुटले. "जुना एक स्पीकर ठिवलाय तिथं. म्हस गिटारीवर पान्हा सोडती. हिला सांगितलं न्हाई. ही म्हणती, दूध हिच्या हाताला येतं."

"माझ्याच हाताला येतंय!" आक्का म्हणाली.

आम्ही गोठ्यात गेलो. गव्हाणीशेजारी स्पीकरचं खोकं, आणि त्याच्या उघड्या कोनात तोंड खुपसून म्हैस स्वस्थ श्वास सोडत होती. मधूनच जिभेनं तो चाटत होती. मी समजावून सांगितलं, की स्पीकर उलटाही चालतो. इथला कोन दाबला, की तारेच्या दुसऱ्या टोकाचा कोन विजेशिवायच हलतो. माझी टकटक ऐकून तीच कावली होती. दाजी खांबाला धरून हसत सुटले. मीही नाटकातल्यासारखं कमरेत वाकून जाहीर केलं, "आक्काबाई, बिघाड होता! निव्वळ बिघाड!"

आक्का हसली नाही. ती म्हशीकडं बघत राहिली. मग वळून घराकडं, त्या खोलीच्या खिडकीकडं तिनं पाहिलं आणि एकदम मोठ्यानं म्हणाली,

"आरं, मग मामंजी कुठं हायत?"