आक्काच्या पोटातली गाठ

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे आहेत. चौथीतून शाळा सोडून ती ऊसतोडीला गेली, म्हणून मी शाळेत राहिलो आणि घरातला पहिला पदवीधर झालो.

गेल्या दसऱ्याच्या सुमारास तिच्या ओटीपोटात उजवीकडे कळा येऊ लागल्या. दाजींनी तिला एका खासगी दवाखान्यात नेलं. सोनोग्राफीत गाठ निघाली. पुढं कॅन्सर होईल असं सांगून तिथल्या डॉक्टरांनी पिशवी काढायचं ठरवून टाकलं. आमच्याकडे गर्भाशयाला पिशवी म्हणतात, आणि ती काढण्याचं बोलणं दाढ काढण्यासारखं चालतं. तिच्या सासूची काढलेली, जावेचीही काढलेली. ऊसतोडीची टोळी कारखान्याला निघायच्या आत उरकायचं म्हणून सोमवार ठरला. मला शुक्रवारी कळलं.

मी माजलगावला असतो; तिथून तसाच सिरसाळ्याला, आक्काच्या घरी गेलो. रिपोर्ट मागून घेतला. सगळं इंग्रजी समजलं नाही, पण गर्भाशय नॉर्मल असल्याची ओळ वाचता आली. दाजींना दाखवली, तर ते हसले. "साहेब, तुमाला कागद कळतो. फडात कोयता कोण धरतंय?"

आक्काही त्यांच्याच बाजूची. तिची तिशीसुद्धा उलटलेली नव्हती. "काढू दे रे," ती म्हणाली. "पाळीच गेली की खाडा न्हाई. अन् कॅन्सर झाला तर लेकरांचं कोण बघणार?"

पाळीच्या दिवसांत बाई उसाच्या फडात गेली नाही की मुकादम खाडा लावतो, म्हणजे मजुरीतून दंड कापतो, हे मला ठाऊक होतं.  सोमवारच्या आधी एकदा सरकारी दवाखान्यात दाखवू, एवढंच मी मागितलं.

शनिवारी आम्ही रांगेत बसलो. दाजींना सारखे मुकादमाचे फोन येत होते. आक्का पोट धरून बसली होती. डॉक्टरबाईंनी पुन्हा सोनोग्राफी केली. मी काही बोलायच्या आत आक्कानंच विचारलं, "पिशवी काढली की गाठ जाईल ना?"

"गाठ पिशवीत नाहीच," बाई म्हणाल्या. "ती शेजारच्या बीजकोशावर आहे. पिशवी गेली तरी गाठ तिथंच राहील."

मग त्यांनी नीट समजावलं. गाठ साधी, पाण्याची होती. कॅन्सरसारखं काही दिसत नव्हतं. या वयात अशा गाठी बहुतेक वेळा आपोआप विरतात, म्हणून काही महिन्यांनी पुन्हा तपासायचं. वाढलीच तर नुसती गाठ काढता येते. मात्र गाठीमुळे बीजकोशाला पीळ बसून एकदम जोराची कळ आली, तर अजिबात वेळ घालवायचा नाही.

 परतीच्या जीपमध्ये आक्का दाजींना म्हणाली, "सोमवारी मी जाणार न्हाई." दाजींनी मुकादमाला स्वतःच फोन लावून सोमवारचं रद्द झाल्याचं सांगितलं.

टोळीबरोबर ती गेलीच. तिथं फोन दाजींच्या खिशात असतो, आणि बोललेलं सगळी टोळी ऐकते. म्हणून मी ट्रकवाल्याच्या हाती चिठ्ठी पाठवली:

"आक्का,

पोटात एकदम जोराची कळ आली, उलटी झाली, चक्कर आली, तर पाळीचं दुखणं समजून पडून राहू नकोस. फड सोड आणि लगेच मोठ्या दवाखान्यात जा. खाड्याचं मी बघतो, मुकादमाला माझ्याशी बोलायला सांग. मोळी डोक्यावर घेऊ नकोस. संक्रांत झाली की सोनोग्राफीसाठी न्यायला येतो. जाऊबाईंनी विचारलं तर डॉक्टरबाई काय म्हणाल्या ते त्यांनाही सांग. अक्षर मोठं काढलंय. तरी अडलं तर दाजींकडून वाचून घे, म्हणजे त्यांनाही कळेल.

तुझा भाऊ"