ताप बघणारे काका

आमच्या समोरच्या फ्लॅटमधल्या काकांएवढा उष्णतेचा वैरी अख्ख्या बिबवेवाडीत दुसरा नाही, आणि मी अजिबात वाढवून सांगत नाहीये. आई लेकराचा ताप बघते ना, तसा ते उलटा तळहात दिसेल त्या वस्तूला लावतात. आमचा सेट-टॉप बॉक्स, वॉचमनचा मोबाईल, जिन्यातलं मीटर, काहीही. एकदा रिक्षातून उतरल्यावर त्यांनी इंजिनाला हात लावून रिक्षावाल्याला सांगितलं, याले सावलीत ठेव जरा. तो म्हणाला, "मला कोण ठेवणार?"

काका मूळचे अकोल्याचे. पुण्याचा उन्हाळा त्यांच्या लेखी उन्हाळा नाहीच, कोमट पाणी आहे. तरी येताना त्यांनी गावाकडचा भलामोठा पत्र्याचा कूलर ट्रकमध्ये घालून आणलाच. पहिल्याच दुपारी तो सुरू झाला आणि सोसायटीचे चेअरमन वर आले. "अहो, हेलिकॉप्टर उतरवायचं असेल तर आधी अर्ज द्यावा लागतो." तेव्हापासून तो काकूंची जुनी साडी पांघरून गॅलरीत गप्प उभा.

आणि त्यांच्या पत्रिका! मुलीच्या लग्नात काकूंनी हौसेनं जाडजूड पत्रिका छापल्या आणि ढीगभर उरल्या. काकू गेल्यावर काका त्या कशालाही वापरायचे. वारा घ्यायला पत्रिका, तेल ओतायचं नरसाळं पत्रिकेचं, टेबलाच्या पायाखालीही पत्रिकाच. वापरून वापरून शेवटी त्या संपल्या.

तर ऐका, माझा अॅनिमेशनचा कोर्स संपला होता आणि हडपसरच्या एका स्टुडिओला एक मिनिटाची फिल्म सोमवारपर्यंत द्यायची होती. आवडली तर नोकरी, नाहीतर मामाच्या ऑफिसात डेटा एन्ट्री. शनिवार सकाळ, मे महिना, शेवटचा सीन रेंडर होतोय, म्हणजे कॉम्प्युटर एकेक चित्र तयार करतोय, आणि बुधवार पेठेतून आणलेलं माझं सेकंडहँड ग्राफिक्स कार्ड मिक्सरसारखं ओरडून बंद पडतंय. पुन्हा चालू, पुन्हा बंद. मी रडायच्या बेतात. तेवढ्यात काका विरजण मागायला आले. आवाज ऐकला, सरळ आत येऊन कॉम्प्युटरच्या कॅबिनेटला उलटा हात लावला.

"ताप नाही बाई, ऊन लागलं याले."

आणि गेले. मला वाटलं आता कांदा घेऊन येतात. आणली कूलरची वाळ्याची ताटी, चांगली निथळती, आणि कॅबिनेटसमोर टेकवली! मी किंचाळून प्लग काढला. काका हिरमुसले. त्यांच्याकडे उन्हाळ्यात सगळं ह्याच्यावरच जगतं, एवढंच पुटपुटले. मग मी त्यांना बसवून सांगितलं की पाणी अजिबात नको. ह्याचा एक पंखा मेलाय, चिपची उष्णता ओढून घेणारी आतली पेस्ट वाळलीय, आणि कार्डानं फेकलेली गरम हवा डब्यातच फिरून परत कार्डाकडे येतेय.

"म्हणजे शिळी हवा खाऊन राहिलं," काका म्हणाले. झालं, कळलं त्यांना!

मग आम्ही कार्ड उघडलं. धूळ त्यांनी जुन्या टूथब्रशनं इतक्या मायेनं काढली की काय सांगू. पेस्ट मात्र त्यांना पुरणपोळीवर तूप घालतात तशी घालायची होती. मी मुगाएवढीच लावू दिली, तर म्हणाले, "पुण्यातली वाढणी." मेलेला पंखा काढून मी पेठेतून आणलेले दोन नवे पंखे प्लॅस्टिकच्या पट्ट्यांनी आवळून बसवले. आता बाहेरची ताजी हवा थेट त्या पंख्यांपर्यंत न्यायला एक बोगदा हवा होता. बुटाच्या खोक्याचा पुठ्ठा वाकेना, वहीचं कव्हर लुळं पडलं. काका उठून घरी गेले ते बराच वेळ आलेच नाहीत. आले तेव्हा हातात एक पत्रिका. कोरी, कोपरासुद्धा न मुडपलेली.

"काका, संपल्या होत्या ना?"

"हे ठेवली होती." मग कात्री मागितली. "जाड आहे. काकूनं निवडला होता कागद."

मी नको नको म्हणत राहिले, ते कापत राहिले. फक्त "आपले नम्र" म्हणून खाली दोघांची नावं होती, तिथून कात्री वळवून नेली.

पत्रिकेचा बोगदा बसवला आणि रेंडर संध्याकाळपर्यंत चाललं. काका खुर्ची ओढून कॅबिनेटवर हात ठेवून बसले, चहासुद्धा डाव्या हातानं प्यायले. फिल्म पूर्ण झाली तेव्हा हळूच म्हणाले, "उतरला."

नोकरी लागली मला. काका आता अकोल्याला मुलीकडे असतात, कूलरही गेला, आणि तिथे तो दणक्यात चालतो म्हणे. फोनवर पहिला प्रश्न अजून तोच, बरं आहे ना त्याचं? ऑफिसात मला भारी मशीन आहे, पण घरचं मी काढलेलं नाही. धूळ पुसायला उघडलं की आत "आमचे येथे श्रीकृपेकरून", आणि खाली काकूंचं नाव. मशीन चालू केलं की त्यावरून वारा जातो. मी उलटा हात लावून बघते. गार असतं.